मे महिन्यातला डावा पाय

मे महिना लागला की आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये एक कागद चिकटतो. फुटबॉलचं उन्हाळी शिबिर. हिरव्यागार टर्फवर एक मुलगा पाय हवेत फेकून उभा आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलेलं, सामने सीझनमध्ये होतात, खेळाडू ऑफ सीझनमध्ये घडतो. दरवर्षी चित्रातला मुलगा बदलतो, वाक्य तेच. दरवर्षी मी ते वाचते आणि माझं डोकं फिरतं. शेजारच्या वहिनी विचारतात, "काय हो, चांगलं असतं का हे शिबिर? आमच्या आर्यनला घालावं म्हणतेय." मी म्हणते, "घाला की." आणखी काय म्हणणार? लिफ्टमध्ये माणूस बोलून बोलून किती बोलणार.

हेच वाक्य मला आमच्या सरांनी ऐकवलं होतं, आठवीचा शेवटचा पेपर देऊन मी वर्गाबाहेर पडले तेव्हा. सर म्हणजे शाळेतले खेळाचे शिक्षक. धावण्याच्या शर्यतीतून, खो-खोतून मुली उचलून त्यांनी नवीन पनवेलमधल्या आमच्या शाळेत मुलींचा फुटबॉल संघ उभा केला होता. मी त्या संघात होते. होते म्हणजे बेंचवर होते. मी खेळायची लेफ्ट विंगला, मैदानाच्या डाव्या कडेने, आणि डावा पाय असा, की त्याने मारलेला बॉल कुठे जाणार ते बॉललाही ठाऊक नसायचं. सर म्हणाले, "तुझा डावा पाय नुसता उभं राहायला आहे. सुट्टीत शिकव त्याला काहीतरी. जूनमध्ये पाय घेऊन ये, जागा रिकामी आहे." जागा खरंच रिकामी होती. तिथे खेळणारी ताई दहावी होऊन शाळेतून गेली होती.

मला ती जागा हवी होती. किती हवी होती ते आज सांगताना थोडं हसू येतं, पण तेव्हा अजिबात हसण्यासारखं नव्हतं. आमच्या घरात दहावी म्हणजे टीव्हीची केबल काढायची, पाहुण्यांना येऊ नका म्हणून सांगायचं आणि खेळाचे बूट माळ्यावर टाकायचे. माझ्या चुलतभावाचं तसंच झालं होतं, माझंही होणार होतं. त्यावर चर्चा वगैरे काही नसे. म्हणजे नववीचं वर्ष हे माझं खेळायचं शेवटचं वर्ष, आणि त्याच्या आधीचा हा एकच मे माझ्या हातात. बेंचवरून उठायचं असेल तर आत्ता, नाहीतर कधीच नाही.

त्या जागेवर डोळा असणाऱ्या आम्ही दोघी होतो, मी आणि रुबिना. रुबिना पनवेल गावातली, जुन्या बाजारात तिच्या चाचांचं कापडाचं दुकान, वडील कुवेतला. सरावाला यायची ती खिशात चणे घेऊन. पळता पळता खायची, खाता खाता हसायची, आणि सर ओरडले की उरलेले चणे त्यांनाच द्यायची. तिचाही डावा पाय माझ्याइतकाच दगड होता. मैत्रीण म्हणून मला ती फार आवडायची आणि लेफ्ट विंगला मला ती अजिबात नको होती. या दोन गोष्टी एकाच मनात अगदी सुखाने राहतात, कुणी काहीही म्हणो.

मे महिन्यात नवीन पनवेल रिकामं होतं. अजूनही होतं, पण तेव्हा जास्त व्हायचं. ज्याला त्याला गाव. कुणी चिपळूणला, कुणी साताऱ्याला, कुणी नुसतंच आपलं उरणला. संघातल्या सगळ्या मुली पांगल्या. रुबिना तिच्या आजोळी समुद्राकाठी गेली. जाताना म्हणाली, "तू नाही जात गं कुठे? काय करणार इथे एकटी?" मी म्हटलं, "आहे काम." काम काय ते सांगितलं नाही. आमच्या घरातूनही आई आणि धाकटा भाऊ एसटीने गावाला निघाले. भाऊ कर्नाळ्याच्या वळणांवर दरवर्षी उलटी करायचा, म्हणून आई पिशवीत लिंबू आणि आलेपाक घेऊन बसलेली. मी येत नाही म्हटल्यावर तिचा चेहरा पडला. "आंबे, फणस सोडून कुणी फुटबॉल खेळतं का गं?" तिला कळेना. बाबांना रजा नव्हती. तळोज्याच्या केमिकल कंपनीत ते शिफ्टला होते. तर घरात बाबा आणि मी, आणि एक बॉल.

पहिले काही दिवस मी बिल्डिंगच्या मागच्या भिंतीवर बॉल मारला. डाव्या पायाने मारायचं, परत आला की डाव्यानेच थांबवायचं, परत मारायचं. सोपं वाटतं ना ऐकायला? करून बघा. उजव्या पायाला सगळं येत असतं आणि तो सतत मध्ये मध्ये करतो. आपण ठरवतो डावा, आणि ऐन वेळी हा हजर. मला माझ्याच उजव्या पायाचा इतका राग कधी आला नव्हता. अंगठ्याचं नख काळंनिळं झालं. त्यात तळमजल्यावरचे काका बाहेर आले. दुपारची झोप, ब्लडप्रेशर, मुलीच्या जातीने असं धाड धाड करणं, सगळं एका दमात बोलून दाखवलं त्यांनी. आणि बाबाही रात्रपाळी करून दुपारी झोपलेले असायचे, तेव्हा भिंत गेली.

शाळेच्या मैदानावर क्रिकेटच्या टुर्नामेंट. मोकळ्या प्लॉटवर लग्नाचे मांडव. फुटबॉल खेळणाऱ्या मुलीने उन्हाळ्यात जायचं कुठे, याचा विचार या शहरात कुणीही केला नव्हता. शेवटी सायकल मारत मी शेजारच्या विचुंबे गावाकडे गेले. आता तिथे बिल्डिंगा आहेत, मी स्वतःच त्यातल्या एकीत राहते. तेव्हा भाताची खाचरं होती, चारी बाजूंनी मातीचा बांध घातलेली, पाणी धरून ठेवायला. पीक कधीच कापून गेलेलं, जमीन भेगाळलेली आणि टणक, मध्ये मध्ये कापलेल्या भाताची बुडखं. एका कोपऱ्यात राब भाजलेला, म्हणजे भाताच्या रोपांसाठी पाला न् शेण जाळून केलेली काळी जागा. तेवढी सोडली तर अख्खं खाचर माझं. आणि चारी बाजूंना बांध. मी बॉल मारला, बांधाला लागला, परत आला. मला इतका आनंद झाला की मी एकटीच हसत सुटले.

खाचर काशीकाकींचं होतं, विचुंब्याच्याच. त्या आल्या दुसऱ्याच दिवशी, डोक्यावर सरपणाची मोळी. थोडा वेळ नुसत्या बघत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "ए पोरी, बांद हाय तो, भिंत नाय. पावसात फुटला तर तू येशील काय अडवाला?"

मी म्हटलं, "येईन."

"हां, येशील. आमी बघतो ना." मोळी सरळ करत त्या म्हणाल्या, "मार, पन जाताना माती थापून जा. आनि त्या राबात पाय नाय घालायचा."

मी रोज माती थापून जायची. सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत. तोवर तळोज्याकडून कंपन्यांचा तो वास यायला लागलेला असायचा, कुजलेल्या कोबीसारखा, ज्याची आम्हाला इतकी सवय होती की पाहुणे नाक धरायचे तेव्हाच आम्हाला कळायचं. डावा पाय हळूहळू ऐकायला लागला. एक दिवस बॉल पायाच्या आतल्या बाजूला असा लागला, की काही लागलंच नाही असं वाटलं, आणि तो सरळ रेषेत जाऊन बांधाच्या पोटात बसला. परत आला तो थेट माझ्या पायाशी. तो आवाज मला आजही आठवतो, जाड पुस्तक मिटल्यासारखा. मग मी धावत धावत मारायला शिकले. पळत यायचं, डाव्याने बॉल तिरका बांधावर टाकायचा, आणि पुढे जाऊन परत घ्यायचा. बांध कधी चुकायचा नाही. जिथे यायला हवा तिथे बॉल येणार म्हणजे येणारच.

कंपनीची बस बाबांना सकाळी नाक्यावर सोडायची. एकदा ते घरी न जाता तसेच खाचरात आले, हातात डब्याची पिशवी, पायात कंपनीचे जड बूट, शर्टाला तोच वास. बांधावर बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "मी काय करू?"

बाबांना फुटबॉलमधलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. ऑफसाइड म्हणजे बॉल मैदानाबाहेर जाणं असं ते आजही समजतात. मी म्हटलं, "तुम्ही उभे राहा. मी तुम्हाला चुकवून जाते."

ते उभे राहिले. पिशवी बांधावर ठेवून, हात मागे बांधून, शाळेत शिक्षा केल्यासारखे. मी पळत आले, बॉल डाव्याने बांधावर टाकला, बाबांच्या या बाजूने मी आणि त्या बाजूने बॉल, आणि पलीकडे आम्ही दोघं परत एकत्र. बाबा म्हणाले, "वा." मी परत आले, परत चुकवलं. "वा." त्यानंतर ते बरेचदा यायचे. रात्रभर जागलेला माणूस, डोळे लाल, आणि उन्हात खांबासारखा उभा. मधूनच जांभई द्यायचे. मी त्यांना डावीकडून चुकवलं, उजवीकडून चुकवलं, मागे न बघता चुकवलं. मे संपत आला तेव्हा मी खात्रीने सांगू शकत होते की माझ्यासारखी लेफ्ट विंग सबंध रायगड जिल्ह्यात नसेल.

आता मी ऑफिसात माणसं घेण्याचं काम करते. मुलाखतीला येतात मुलं, एकाहून एक सर्टिफिकेट घेऊन. सुट्टीत हे केलं, लॉकडाऊनमध्ये बसून ते केलं, ऑनलाइन कोर्स, पहाटे उठणं, सगळं एकट्याने. मी ऐकत असते आणि मला आतून कसंतरी होतं. त्यांना विचारावंसं वाटतं, की बाबांनो, समोर कोण होतं? पण तसं विचारता येत नाही. मेहनत करू नका असं मी कुणाला कशी सांगू? मेहनतीवर माझा राग नाहीच. राग आहे तो एवढाच, की मेहनत करताना माणसाला बरोबर चाललंय असंच वाटत राहतं. चुकीच्या दिशेने जाताना पाय दुखत नाहीत असं थोडंच आहे. तितकेच दुखतात, आणि तितकंच समाधान होतं.

जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि सरांनी निवडीचा दिवस लावला. पाऊस होऊन गेला होता. मैदान ओलं, गवत घोट्यापर्यंत, जागोजागी डबकी. दोन संघ पाडले, एकीकडे मी लेफ्ट विंगला, समोरच्यात रुबिना. रुबिना सुट्टीत सावळी होऊन आली होती आणि जरा जाडही झाली होती. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पहिलाच बॉल माझ्याकडे आला. मी पळाले. समोर त्यांची एक मुलगी आली, आणि मी डाव्या पायाने, त्या शिकवलेल्या, शहाण्या डाव्या पायाने बॉल तिरका बाहेर टाकला आणि तिला चुकवून पुढे गेले. पास एवढा सुंदर होता की कडेला उभ्या असलेल्या पोरांनी ओहो केलं. मी पुढे जाऊन थांबले, बॉल परत यायची वाट बघत. बॉल मैदानाची रेघ ओलांडून, डबक्यातून, सायकल स्टँडपर्यंत गेला. तिथे बांध नव्हता.

तुम्ही म्हणाल, एकदा होतं असं. मीही तेच म्हटलं. पण पाय शिकून बसला होता. पुढच्या वेळी मी डोक्यात सतराशे साठ वेळा बजावलं, बाहेर नाही, आत, आत कुणीतरी आहे. आत बघेपर्यंत ती कुणीतरी तिथून हललेली होती. माणसं हलतात. हे मला का माहीत नसावं? पण महिनाभर माझ्यासमोरचं काहीही हललं नव्हतं. समोरची मुलगी मी ठरवलेल्या जागी उभीच राहीना. मी डावीकडे निघाले की ती डावीकडे. मी बॉल टाकायचे तो नेमका तिच्या पायात. आणि ओल्या गवतात बॉल अर्ध्यात थांबायचा, कारण माझ्या पायाला टणक जमिनीचाच जोर ठाऊक. मी रडकुंडीला आले. पलीकडून रुबिनाचा आवाज येत होता, "दे, दे, इकडे दे, अरे मी मोकळी आहे ना." तिचा डावा पाय तसाच होता, दगड. एकदा ती बॉलवर पाय ठेवून चक्क पडली. पण बॉल तिला मिळत होता आणि तिच्याकडून दुसऱ्या कुणाला तरी मिळत होता. मैदानभर तिची बडबड चालली होती.

सरांनी रुबिनाला घेतलं. मला बाजूला बोलावून म्हणाले, "पाय आणलास तू. खरंच आणलास, मानलं तुला. पण तू खेळतेयस कुणाशी?"

रुबिना मागून आली. तिला अवघडल्यासारखं झालं होतं. "मी तर काहीच केलं नाही गं," ती म्हणाली. "महिनाभर नुसते आंबे खाल्ले, कसम से. संध्याकाळी पुळणीवर, वाळूत, मामाच्या पोरांबरोबर खेळायचो, दंगामस्ती नुसती. सगळे एका बॉलच्या मागे. तुला सांगते, त्याला फुटबॉलसुद्धा म्हणता येणार नाही." तिने खिशातून चणे काढून माझ्यापुढे धरले. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की मी तशीच निघून आले. तिने उन्हात घाम गाळला असता आणि मला हरवलं असतं तर मी तिला मिठी मारली असती. काही न करता जिंकली, हे मला सहन होईना. आजही पुरतं होत नाही. आम्ही अजून मैत्रिणी आहोत, तिच्या मुलाच्या अकीक्याला, त्यांच्याकडच्या बारशाला, मी गेले होते, आणि तरीही होत नाही.

त्या पावसाळ्यात सामना हातचा गेला किंवा खिशात आला की शेवटी शेवटी सर मला मैदानात उतरवायचे. मी डावीकडून दोन पळापळी करायचे, शिट्टी वाजायची. वर्षाअखेरीस बूट ठरल्याप्रमाणे माळ्यावर गेले. डावा पाय मात्र राहिला. ओट्यावरून बटाटा घरंगळला तर मी तो खाली पडू न देता डाव्या पायावर झेलते. नवरा म्हणतो, कमाल आहे तुझी. मी बटाटा सोलायला घेते.

पण सांगायचं होतं ते निवडीच्या दिवसाचं. घरी आले तेव्हा बाबा उठून चहा करत होते. आई गावाहून परत आली होती, ती बाजारात गेलेली. बाबांनी विचारलं, "घेतलं ना?" आणि माझा बांध फुटायचा तो तिथे फुटला. मी दप्तर फेकलं. म्हटलं, "नाही घेतलं. कसं घेतील? महिनाभर तुम्ही नुसते उभे राहिलात. हललातच नाहीत. खेळताना माणसं हलतात बाबा, एवढंसुद्धा कळत नाही तुम्हाला?"

बाबांनी गॅस बंद केला. मग म्हणाले, "हलायचं होतं होय. सांगायचंस ना बाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते शिफ्टवरून आले आणि दारातूनच म्हणाले, "बॉल घे." मी म्हटलं, आता काय उपयोग, निवड झाली. आणि जागा कुठे आहे, खाचरांत पाणी भरलंय. ते म्हणाले, "खाली ये." खाली पार्किंगमध्ये, स्कूटरींच्या दोन रांगांच्या मध्ये, बाबा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उभे होते. पायात तेच जड बूट. मी नाइलाजाने बॉल टाकला आणि त्यांना चुकवायला निघाले. बाबा हलले. अंदाज नाही, तोल नाही, हात पसरून आट्यापाट्या खेळल्यासारखे आडवे आले आणि बॉल त्यांच्या बुटात अडकला. मी परत गेले, परत तेच. मी, जिने मे महिनाभर त्यांना हवं तसं चुकवलं होतं, तिला तो झोप न झालेला, गुडघे दुखणारा माणूस चुकवता येईना. तळमजल्यावरचे काका खिडकीत येऊन उभे राहिले. माझे डोळे भरून आले रागाने. मी ओरडले, "द्या तो इकडे."

बाबांनी तो दिला. आयुष्यात पहिल्यांदा मारलेली लाथ ती, बुटाच्या टोकाने, वाकडी. बॉल माझ्या डाव्या पायाकडे यायचा सोडून भलतीकडेच, पाण्याच्या टाकीच्या बाजूला निघाला. आणि मला त्याच्यामागे पळावं लागलं.